बंद धुराडं

चौदा जूनला माझी बायको रोझविटा एकोणसत्तर वर्षांची झाली असती. दर वर्षी त्या दिवशी तीन वाजता तिची भावंडं कॉफीला येतात. यंदा येऊ नका, असं कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही आणि यायचं का, असं त्यांनीही विचारलं नाही. त्यामुळे यंदाही सगळे येणार होते.

दुपारी मी मागच्या इमारतीच्या छपरावर टोमॅटोला पाणी घालत होतो. जस्ताची सहा जुनी टबं, बाजूला हिरवी लोखंडी खुर्ची आणि तिच्या पश्चिमेला ते मोठं विटांचं धुराडं. एक्याण्णव साली घरात गॅस आला तेव्हापासून त्यातून धूर निघालेला नाही. माझे सासरे एवाल्ड हे या भागातले धुराडी साफ करणाऱ्यांचे मुख्य कारागीर. या धुराड्याचं तोंड त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, लोथारने, स्वतःच्या हातांनी बंद केलं. त्या दिवशी सासरे जेवले नव्हते.

दोनच्या सुमारास झडप उघडून स्वेन्या वर आली. ही लोथारची मुलगी. आजोबा छपरांवर चढून काजळी काढायचे, बापानेही तेच केलं, आणि ही छपरांवर चढून सोलर पॅनेल बसवते. तिच्या हातात मोजपट्टी होती आणि बगलेत नकाशाची गुंडाळी.

"काका, तू इथेच सापडणार, माहीत होतं मला," ती म्हणाली. "छप्परवाल्याला सोमवारपर्यंत उत्तर हवंय. नाहीतर तो जुलैचे दिवस दुसऱ्याला देणार आणि आपण पुढच्या वर्षावर जाणार."

"माहीत आहे."

"म्हणजे इथे खालच्या श्रीमती अक्सॉयच्या पलंगाशेजारी, गळतीखाली, आणखी एक हिवाळा बादली."

"तेही माहीत आहे."

तिने छपरावर नजर फिरवली आणि टबांकडे पाहून सहज म्हणाली, "ही टबं आणि खुर्ची मात्र आधी खाली न्यावी लागतील. इथेच सगळ्यात जास्त ऊन आहे."

मी झारीतलं उरलेलं पाणी शेवटच्या टबात ओतलं.

तिची काही चूक नव्हती. तिला वाटत होतं, आत्याचंच काम ती पुरं करते आहे, आणि ते खरंच होतं. रोझविटाने चार वर्षं या एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. मजल्या-मजल्यावर जाऊन तिने भाडेकरूंना समजावलं, की छपरावरची वीज तुमच्याच घरात येईल आणि ती स्वस्त पडेल. नगरपालिकेला पत्रं लिहिली. श्रीमती अक्सॉयच्या बाल्कनीच्या कठड्याला एक छोटं पॅनेल तिने स्वतः उभं राहून लावून घेतलं आणि मीटर मागे फिरतोय का, ते बघायला दोघी तळघरात जाऊन बसल्या होत्या. ऑक्टोबरात ती गेली. सासऱ्यांच्या या इमारतींचा तिचा तिसरा हिस्सा तिने माझ्या नावे केला. उरलेले दोन तिची थोरली बहीण अनेग्रेट आणि भाऊ लोथार यांचे.

छप्पर मुळापासून बदललं की त्याच्या तीस टक्के भागावर तरी सोलर लावायचं, असा शहराचा कायदा आहे. नुसती ठिगळं लावली तर लावावं लागत नाही. लोथारचं म्हणणं ठिगळं लावा. स्वेन्याचं म्हणणं छप्पर बदला. आणि मी कुठल्या बाजूचा, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी ते धरून चाललं होतं.

---

अनेग्रेटने रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणला होता. मला मदत म्हणून टेबल तिनेच मांडलं आणि कप पाच मांडले. मग तिचं तिलाच दिसलं. तिने पाचवा कप उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा खाली ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "साखर ठेवू त्यात."

लोथार खिडकीजवळ बसला, कारण तिथून समोरची छपरं दिसतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुठल्याही घरात गेला की तो आधी वर बघतो. गुडघे गेलेत त्याचे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायलाही तो मध्ये दोनदा थांबतो आणि भिंतीचा रंग बघण्याचं नाटक करतो.

"केक चांगला झालाय," तो म्हणाला. "रोझीचा जास्त आंबट व्हायचा."

"रोझीने आयुष्यात केक केला नाही," अनेग्रेट म्हणाली. "तू जो खायचास तो माझाच होता. दर वर्षी इथे येऊन माझ्याच केकला तिच्या नावाने नावं ठेवायचास."

"मग तिने कधी सांगितलं का नाही?"

"तुझं तोंड बघायला मजा यायची तिला."

सगळे हसले, मीसुद्धा. मग स्वेन्याने बशा सरकवून नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार चमचे ठेवले.

"चोवीस पॅनेल," ती म्हणाली. "अर्धी पूर्वेकडे, अर्धी पश्चिमेकडे. सकाळी लोक कामाला जायच्या आधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर वीज मिळेल. वीस घरांपैकी सोळा जणांनी हो म्हटलंय. खालचं छप्पर नवीन, पंचवीस वर्षं बघायला नको."

"पंचवीस वर्षांनी कोण बघणार आहे?" लोथार म्हणाला.

"मी बघणार आहे, बाबा."

"छपरावर माणसाला पाय ठेवायला जागा लागते. मी चाळीस वर्षं छपरांवर काढली. तुम्ही लोक आलात आणि सगळं काचेने झाकून टाकलंत. गळती शोधायची तर माणसाने उडत जायचं का?"

"चालायला साठ सेंटिमीटरची वाट ठेवलीय. ही बघ."

"साठ सेंटिमीटरमध्ये मांजर चालतं."

"तुझं पोट कमी केलंस तर तूही चालशील."

"स्वेन्या!" अनेग्रेट म्हणाली, पण ओठ दाबून.

लोथारने नकाशा मागे सरकवला. "मी सांगतो काय करायचं ते. जिथे गळतंय तिथे दोन पट्टे नवीन डांबर. आठवड्याचं काम. कायदा मध्ये येत नाही, काचा येत नाहीत. बापाचं छप्पर बापाचंच राहतं."

"हेच तू सहा वर्षांपूर्वीही म्हणालास आणि पट्टे लावलेस," अनेग्रेट म्हणाली. "पाणी आता त्या पट्ट्यांच्या खालून येतं. माझी सही मी करणार. रोझीची इच्छा होती."

"सह्या तिन्ही लागतात."

"मग तुझं एकट्याचं घोडं अडलंय, एवढंच. काका आहेच," स्वेन्या म्हणाली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

मी पेनाकडे बघितलं. मग नकाशाकडे. टबांच्या जागी सहा चौकोन काढले होते, एकाला एक लागून. मी बत्तीस वर्षं या शहरात बस चालवली. गाडीत भांडणं व्हायची तेव्हाही मी वळून बघायचो नाही, पुढचा थांबा घ्यायचो. बोलणं माझं काम नव्हतंच. ते रोझविटाचं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

स्वेन्याला वाटलं मी थट्टा करतोय. ती हसली आणि मग थांबली.

"म्हणजे काय?" अनेग्रेट म्हणाली.

"लोथार म्हणतो तसं करू. पट्टे लावू."

"हार्टमुट, तू शुद्धीवर आहेस ना? तुझ्या बायकोने चार वर्षं..."

"मला माहीत आहे माझ्या बायकोने काय केलं."

हे मी जरा मोठ्याने बोललो असेन. सगळ्यात विचित्र अवस्था लोथारची झाली. तो जिंकला होता आणि त्याचा चेहरा दात काढून घेतलेल्या माणसासारखा होता. त्याने केकचा तुकडा काट्याने दोनदा इकडून तिकडे सरकवला.

"बरं," तो म्हणाला. "झालं मग." आणि उठून सिगारेट ओढायला अंगणात गेला.

---

पुढचं अनेग्रेटने मला नंतर सांगितलं.

तिने केकचा एक मोठा तुकडा बशीत घेतला आणि अंगण ओलांडून मागच्या इमारतीत श्रीमती अक्सॉयकडे वर गेली. रोझविटाच्या वाढदिवसाला तिच्याकडे केक जातो, हाही नेम. श्रीमती अक्सॉयने तिला आत बसवलं, चेरी पुढे केल्या. तेव्हा अनेग्रेटने पलंगाशेजारची बादली पाहिली. बुधवारी पाऊस झाला होता. बादलीच्या तळाशी एक टॉवेल घडी करून ठेवला होता.

"हा कशाला?" अनेग्रेटने विचारलं.

"थेंबाचा आवाज होत नाही मग," श्रीमती अक्सॉय म्हणाली. "रोझविटाने दाखवलं. तिने सांगितलं होतं, एकच हिवाळा आणखी." मग घाईघाईने म्हणाली, "तिचा काय दोष? तिला का माहीत होतं?"

अनेग्रेट खाली आली तेव्हा लोथार अंगणात सायकलींच्या छपरीला टेकून उभा होता. सिगारेट पेटवलेलीच नव्हती.

"एवढं तोंड पाडून का उभा आहेस?" ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं झालं की."

"हार्टमुटला काय झालं?"

"मला काय माहीत? तू विचार. तुझ्या पक्षाचा आहे आता."

"ताई, टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही हा. तू आणि रोझी या छपरावरून चार वर्षं भांडलात. मला ते आवडायचं, कारण भांडायला तुम्ही दोघं होतात. आज ती नाही आणि तिच्या नवऱ्याच्या दुःखावर तू जिंकतो आहेस. घे, जिंक. पण आधी वर अक्सॉयबाईंच्या बादलीतला टॉवेल बघून ये."

लोथारने वर तिच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा पण आम्ही यावरच भांडलो. मी म्हटलं, तुझ्या काचांवर कबुतरं हगतील. ती म्हणाली, मग तू पुसायला ये, नाहीतरी रिकामाच आहेस." त्याने सिगारेट पाकिटात परत ठेवली. "दुसरं काही बोलायला हवं होतं तेव्हा."

"तिला तेच हवं होतं," अनेग्रेट म्हणाली. "बाकी सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायचे."

---

स्वेन्या रागावून छपरावर गेली होती. मी तिच्यामागे गेलो, कारण चार वाजून गेले होते आणि त्या वेळेला मी रोज तिथे जातो. ती धुराड्याला पाठ लावून खाली डांबरावर बसली होती. खुर्ची रिकामी असूनही ती खुर्चीवर बसली नव्हती. ते माझ्या लक्षात आलं.

"मी काही चुकीचं बोलले का, काका?"

"नाही."

"मग? मला वाटलं होतं, निदान तू तरी..." तिने नकाशाची गुंडाळी गुडघ्यावर आपटली. "हा नकाशा मी पहिल्यांदा आत्यासाठी काढला होता. परीक्षा पास झाले त्या वर्षी. ती म्हणाली होती, पहिलं छप्पर आपलंच."

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू म्हणालीस ही न्यावी लागेल."

ती खुर्चीकडे बघत राहिली. तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

मला नीट सांगता येत नाही अशा गोष्टी, पण सांगितलं. रोझविटाची कातडी गोरीपान, दहा मिनिटांत लाल व्हायची. ऊन तिला आवडायचं, पण बघायला. म्हणून ती दुपारी खुर्ची अशी ठेवायची, की धुराड्याची सावली येईल आणि ती सावलीत बसून उन्हातल्या टोमॅटोकडे बघेल. जूनमध्ये सावली पावणेचारला खुर्चीच्या पायाशी येते आणि साडेचारला मांडीवर. मी बसवाला, मला वेळा पाठ होतात. गेल्या सप्टेंबरात तिला शिडी चढवेना. ती खाली, शिडीच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची आणि मला वर पाठवायची. खालून विचारायची, "सावली कुठे आली?" मी वरून सांगायचो. मग म्हणायची, "बस थोडा वेळ माझ्या जागी." मी बसायचो. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"टबांचं काही नाही," मी म्हटलं. "टबं अंगणात राहतील. पण ही जागा गेली तर मी दुपारी चारला कुठे जाऊ, ते मला कळत नाही."

स्वेन्याने बाहीने नाक पुसलं. मग नकाशा उलगडून छपरावर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर गुडघा ठेवला.

"काका, इकडे ये. हे काय आहे?"

चोवीस चौकोनांच्या मधोमध एक जागा कोरी होती. तिरप्या रेघा मारलेल्या.

"तू रिकामी सोडलीस."

"सोडावी लागते. धुराड्याची सावली पडते तिथे. पॅनेल सावलीत ठेवून उपयोग नाही. आता खुर्ची कुठे आहे, सांग."

मी धुराड्यापासून खुर्चीपर्यंत पावलं मोजली. तिने मोजपट्टीने मोजलं. दोन मीटर दहा. खुर्चीच्या चार पायांनी डांबरात चार खळगे केले होते. ते चारही त्या तिरप्या रेघांच्या आत येत होते.

"मी टबं आणि खुर्ची एका दमात बोलून गेले," स्वेन्या म्हणाली. "काम चालेल तेवढे दिवस खाली न्यायची. मग परत इथेच. सावलीत तिला कोणी हात लावत नाही."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. लोखंड एका बाजूने गरम होतं, एका बाजूने गार.

---

तेवढ्यात झडपेतून लोथारचं डोकं वर आलं. मग तो बराच वेळ तसाच राहिला, कारण गुडघे. स्वेन्या मदतीला धावली तर ओरडला, "हात लावू नकोस, चाळीस वर्षं चढतोय." शेवटी वर आला आणि कठड्यावर बसून श्वास घेतला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच छपरावर आला होता.

"अक्सॉयबाईंकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "बादलीत टॉवेल आहे."

"हो," मी म्हटलं.

"मी सही करतोय. तुझं काय ते तू बघ, हार्टमुट. पण मी करतोय." तो आमच्याकडे न बघता समोरच्या छपरांकडे बघून बोलत होता. "आणि लावायचंच तर नीट लावा. अर्धवट काम आमच्या घरात कोणी केलेलं नाही. दाखव ते."

त्याने नकाशा हातात घेतला आणि लगेच कपाळाला आठ्या घातल्या. छपराचं काही असलं की त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण होतो.

"ही मधली जागा वाया का घालवलीस?"

"धुराड्याची सावली, बाबा."

"मग धुराडं पाडा! मेलेलंच आहे ते. तेहतीस-चौतीस वर्षं बंद. छप्पर उघडणारच आहात, दोन दिवसांत विटा खाली. चार पॅनेल जास्त बसतील. चोवीसच्या जागी अठ्ठावीस. मी आणि बापानेच ते बंद केलंय, मला हक्क आहे पाडायचा." तो स्वेन्याकडे वळला. "हे तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"आलं होतं," स्वेन्या हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुलाच वाईट वाटेल."

"मला? विटांचं?" तो म्हणाला, पण हाताने त्याने त्या विटा दोनदा थोपटल्या.

"धुराडं राहील," मी म्हटलं.

"का?"

"राहील. ते ठेवलंत तर माझी सही आत्ता घ्या."

"अरे पण कशासाठी? धूर नाही, गॅसचा पाइप वेगळा गेलाय, चिमणीसुद्धा घरटं करत नाही त्यात. माणसाने कारण तरी सांगावं. रोझी निदान भांडायची. तू नुसता खांबासारखा..."

"बाबा," स्वेन्या म्हणाली.

"काय बाबा? चार पॅनेल म्हणजे दोन घरांची वीज..."

तो बोलता बोलता थांबला. मी बसलो होतो. मुद्दाम नाही, पाय दुखत होते म्हणून. धुराड्याची सावली माझ्या गुडघ्यांवर होती आणि पुढे तिची कड सरळ रेघेत पडली होती. त्या रेघेपलीकडे टोमॅटो उन्हात होते.

लोथारने धुराड्याकडे बघितलं. सूर्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या पायांपाशी डांबरातल्या खळग्यांकडे. माणूस आयुष्यभर छपरं वाचत आलाय, त्याला किती वेळ लागणार?

"इथे बसायची ती," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं उन्हात बसते. खालून नुसती टोपी दिसायची."

खाली शिडीपाशी अनेग्रेट आली होती. तिचा खुबा बदललाय, ती वर येत नाही. "काय चाललंय वर?" ती ओरडली. "कोणी मेलं का?"

"नाही," लोथारने खाली ओरडून सांगितलं. "पेन पाठव!"

पेन स्वेन्याच्या खिशात होतं. तिने छप्परवाल्याचा कागद काढला. त्यात छपरावरच्या प्रत्येक वस्तूची यादी होती: झडप, पन्हळ, वीजरोधक, धुराडं. प्रत्येकापुढे दोन चौकोन, एक वापरात आणि एक बंद. बंद असेल ते छप्परवाला काढून टाकणार आणि वापरात असेल त्याला हात लावणार नाही. धुराड्यापुढच्या बंदच्या चौकोनात छप्परवाल्याने आधीच पेन्सिलीने बारीक फुली मारली होती.

लोथारने खिसे चाचपून चष्मा काढला. कागद धुराड्याच्या विटांवर ठेवला, अंगठ्याने ती पेन्सिलीची फुली पुसली आणि दुसऱ्या चौकोनात पेनाने ठळक फुली मारली. आयुष्यभर लोकांची धुराडी तपासून दाखले लिहिले त्याच अक्षरात त्याने पुढे तारीख घातली आणि स्वतःचं नाव लिहिलं. मग एकेक शब्द तोडून, आम्हाला ऐकू जाईल असं वाचलं.

"धुराडं एक. वापरात."

कागद त्याने माझ्या मांडीवर, सावलीत ठेवला. मी त्याच्या नावाखाली सही केली.